ताशी दीडशे उल्का, पण कुठल्या आकाशात?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेपरात एक चौकट हमखास येते: मिथुन राशीतून उल्कावर्षाव, ताशी १५० उल्का. त्याच रात्री दादरच्या एखाद्या गच्चीवर तासभर मान वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला चार-पाच दिसतात. त्यातलीही एखादी खरीच दिसली की डोळ्यांनी फसवलं, हे त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मधला फरक आकाशाचा आहे, आणि मुंबईकराने उल्का बघायची तयारी करायची म्हणजे हा फरक जमेल तितका कमी करायचा.

पेपरातल्या आकड्याला निरीक्षक झेडएचआर (झेनिथल अवर्ली रेट) म्हणतात. उल्का ज्या बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, आकाशात तसूभर ढग नाही आणि डोळ्यांना ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसताहेत, असं धरून काढलेला हा दर आहे. प्रत म्हणजे तेजाचं माप: आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक. असं आकाश आपल्याकडे जवळपास कुठेच नाही. मिथुन उल्कांच्या बाबतीत आकाश एका प्रतीने उजळलं की दिसणाऱ्या उल्का साधारण २.६ पटीने घटतात. म्हणजे झेडएचआर १५० असताना, उगमबिंदू उंच असतानाही, ६ प्रतीपर्यंत दिसणाऱ्या आकाशात ताशी ९०, ५.५ ला ५६, ५ ला ३५ आणि मुंबईच्या बऱ्यापैकी गच्चीवर, जिथे ३.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात तिथे, जेमतेम ८. चारच्या प्रतीची उल्का गच्चीवरूनही जातच असते, फक्त ती दिव्यांच्या उजेडात बुडालेली असते.

आता मिथुनच का? वर्षभरात उल्कावर्षाव बरेच होतात, पण मुंबईच्या वाट्याला त्यातले फार थोडे येतात. ज्याचा सगळीकडे गाजावाजा होतो तो ययाती उल्कावर्षाव, म्हणजे पर्सिड, १२-१३ ऑगस्टला असतो. त्या वेळी कोकणपट्टीवर पावसाळी ढग ठाण मांडून असतात. शिवाय त्याचा उगमबिंदू मुंबईहून कधीच ५१ अंशांच्या वर चढत नाही, आणि तोही उजाडायच्या बेतात. जानेवारीच्या ३-४ तारखेचा क्वाड्रंटिड जोरदार असतो, पण त्याची कमाल काही तासांतच आटोपते आणि ते तास भारतात रात्रीचे असतीलच असं नाही. नोव्हेंबरचा सिंह उल्कावर्षाव एरवी ताशी दहा-पंधराचा असतो. मिथुनचा उगमबिंदू मात्र पुनर्वसूतल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ, ३३ अंश उत्तर क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या ३३ अंश उत्तरेला आहे. मुंबईहून तो संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो, रात्री अडीचच्या आसपास ७६ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो आणि उजाडेपर्यंत वरच असतो. डिसेंबरात आकाश कोरडं, रात्र लांब आणि अंगावर सोसवेल इतपतच थंडी. मुंबईकराने वर्षातून एकच रात्र उल्कांसाठी जागायची असेल तर ती हीच.

या उल्कांचा मूळ पिंड ३२०० फेथॉन. १९८३ साली आयरास या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. बहुतेक वर्षावांच्या मागे धूमकेतू असतो, इथे लघुग्रह आहे. १.४ वर्षांत तो सूर्याची एक फेरी करतो आणि बुधाच्या कक्षेच्याही आत शिरतो. त्याचे कण धूमकेतूच्या भुसभुशीत कणांपेक्षा घट्ट असतात. पृथ्वीच्या वातावरणात ते सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने घुसतात. पर्सिडचा वेग ५९, सिंहेचा ७१. म्हणून मिथुन उल्का ‘गेली, गेली’ म्हणेपर्यंत दिसते, बोट दाखवायला वेळ मिळतो. मागे चमकती रेघ मात्र क्वचितच राहते.

रात्र कुठली, हे ठरवताना बरेच जण चुकतात. ‘१३-१४ डिसेंबर’ हे सरसकट उत्तर सगळ्या वर्षांना लागू पडत नाही. कमाल दर वर्षी सुमारे सहा तासांनी पुढे जाते आणि लीप वर्ष आलं की मागे ओढली जाते. लीप वर्षात ती भारतीय वेळेनुसार १४ तारखेच्या सकाळी साडेसहाच्या आसपास येते, तेव्हा १३-१४ ची पहाट साधावी. पुढच्या वर्षी ती १४ च्या भर दुपारी येते, तेव्हा १३-१४ ची पहाट किंवा १४ ची रात्र, दोन्ही थोड्या थोड्या कमी. त्यापुढच्या वर्षी १४ च्या संध्याकाळी, आणि लीपच्या आदल्या वर्षी १४-१५ च्या ऐन मध्यरात्री. २०२३ असंच वर्ष होतं, वर अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. इतका जमून आलेला योग वारंवार मिळत नाही. कमालीनंतर दर झपाट्याने पडतो, चढताना मात्र तो हळू चढतो. त्यामुळे शंका असेल तर उशिराच्या रात्रीपेक्षा आधीची बरी. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: बारीक कणांची गर्दी कमालीच्या आधी येते, तेजस्वी उल्का कमालीच्या वेळी आणि नंतर. शहरातून बघणाऱ्याला बारीक कण दिसतच नाहीत, म्हणून त्याने कमालीनंतरचे तास अधिक धरावेत.

चंद्राचं पाहायला ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. हा वर्षाव बहुतेक वेळा मार्गशीर्षात पडतो. दत्तजयंती १४ डिसेंबरला चिकटून आली की पौर्णिमा डोक्यावर, समजा वर्ष गेलं. २०२४ ला तसं झालं, २०२७ लाही चंद्र पूर्णच असेल. शुद्ध अष्टमीच्या आत असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो आणि उगमबिंदू उंच असतो ते तास काळोखाचे मिळतात. २०२६ मध्ये १४ डिसेंबर चंपाषष्ठीच्या आसपास येतो. कमाल त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, आणि चंद्रकोर रात्री अकराच्या आत मावळलेली. १४-१५ ची रात्र धरायला हरकत नाही.

जागा. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचं वांगणी हे मुंबईच्या आकाशनिरीक्षकांचं जुनं ठिकाण. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आले आहेत. लोकलने जाता येतं आणि पश्चिमेला चंदेरीची डोंगररांग असल्याने मुंबईचा उजेड थोडा अडतो. पण बदलापूर पसरत पसरत जवळ आलं आहे, खुद्द वांगणी-शेलू पट्ट्यातही इमारती उठल्या आहेत. आज चांगल्या रात्री तिथे ५ ते ५.५ प्रतीचं आकाश मिळालं तर समाधान मानावं. गाडी असेल तर मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेने, किंवा घाट चढून भंडारदऱ्याकडे गेलं की ६ च्या आसपास जाता येतं. वरच्या हिशेबाने हा अर्ध्या-एका प्रतीचा फरक म्हणजे उल्का दीडपट ते अडीचपट. पेट्रोलचे पैसे तिथे वसूल होतात.

जागा दिवसा बघून ठेवावी, रात्री अकराला नव्हे. डिसेंबरात भाताची कापणी होऊन गेलेली असते. खाचरं मोकळी असतात, पण सड पायात घुसतात, आणि चटईतून वर आले की रात्रभर टोचतात. त्यामुळे खाचरापेक्षा खडकाळ माळ किंवा खळ्यासारखी सारवलेली जागा बघावी. पेंढ्याच्या उडवीजवळ बसू नये: तिथे उंदीर असतात, आणि उंदीर असतात तिथे साप. नदीकाठ टाळावा, त्याचं कारण पुढे येईल. शेतमालकाला विचारून घ्यावं आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवावं. रात्री दोन वाजता माळावर दहा जण आडवे पडलेले दिसले तर गावकऱ्यांनी चौकशी करणं रास्तच आहे. लोकलने जाणाऱ्यांनी हे धरून चालावं की मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत गाडी नाही. म्हणजे गेलात की रात्र तिथेच काढायची.

सामानात महागडं काही नाही. दुर्बीण नेऊ नये. उल्का आकाशात कुठूनही जाते आणि दुर्बिणीत आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो. लागतं ते असं: खाली ताडपत्री, वर चटई, त्यावर सतरंजी, अंगावर रग किंवा घोंगडी, कानटोपी, पायमोजे. मुंबईकर थंडीला हसतो आणि तीन वाजता कुडकुडतो. उघड्या माळावर पहाटे पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, आणि हालचाल न करता पडून राहिलं की तो त्याहून कमी वाटतो. दव तर इतकं पडतं की रगाचा वरचा भाग पिळून निघावा. म्हणून रगावर एक पातळ प्लास्टिक. लिहायला पेन्सिल न्यावी, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर रबरबँडने बांधावेत. एक पदर पुरत नाही, आजकालच्या एलईडी टॉर्चचा पांढरा उजेड त्यातून सरळ फुटतो. डासांसाठी मलम, थर्मासमध्ये चहा. आरामखुर्ची नेता आली तर उत्तम: पाठीला तीसेक अंशांचा उठाव मिळाला की नजर आपोआप योग्य उंचीवर जाते आणि झोपही लांब राहते. उताणं सपाट पडणारा माणूस दीड वाजता घोरायला लागतो.

शेकोटी नको. गटातल्या कुणाला तरी ती हमखास सुचते. जाळाकडे एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे होतात. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, बिघडायला दोन सेकंद पुरतात. मोबाइलच्या पडद्याचं तेच. ‘ब्राइटनेस कमी केलाय’ ही सबब चालत नाही. आमच्या चटईच्या टोकाला एक पिशवी असते आणि दहा वाजता सगळे फोन विमान मोडवर करून तिच्यात जातात. उशिरा येणाऱ्यांनी गाडी शंभर-दोनशे मीटर अलीकडेच थांबवून, हेडलाइट बंद करून चालत यायचं, हे निमंत्रणातच सांगून टाकावं.

संध्याकाळी आठ ते दहा या वेळात उल्का कमी दिसतात. नऊ वाजता उगमबिंदू जेमतेम १५ अंशांवर असतो. पण त्या कमी उल्कांत एखादी अशी येते की बाकीच्या रात्रीचं विसरायला होतं. वातावरणाला चाटून, तिरकी, क्षितिजाला जवळजवळ समांतर, सावकाश अर्धं आकाश ओलांडत जाणारी. या वेळेत बसायची जागा नीट करावी, तारे ओळखून घ्यावेत आणि डोळे सरावू द्यावेत. साडेदहाला उगमबिंदू ३४ अंशांवर येतो आणि खरी मोजणी सुरू करण्यात अर्थ येतो. मध्यरात्री तो ५३ वर, अडीचला ७६ वर, चारला ६६ वर, साडेपाचलाही ४९ वर असतो. पावणेसहाच्या सुमारास पूर्वेला पहिला संधिप्रकाश शिरतो, तिथे मोजणी थांबवावी.

नजर कुठे लावायची? पुनर्वसूकडे टक लावून नाही. उगमबिंदूजवळच्या उल्का आपल्या दिशेने येत असतात म्हणून तोकड्या दिसतात. बरोबर त्या बिंदूतली तर नुसता ठिपका चमकून विझावा तशी. चाळीसेक अंश बाजूला पाहिलं की लांबी चांगली मिळते आणि उगमबिंदूही नजरेच्या कडेला राहतो. मुंबईच्या अक्षांशावर ही सोय ताऱ्यांनीच करून ठेवली आहे. रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात रोहिणी धरावी, ती उगमबिंदूपासून ४२ अंशांवर आहे आणि साडेदहा ते साडेबारा जवळजवळ डोक्यावर असते. दीडनंतर रोहिणी पश्चिमेला, मुंबईच्या उजेडाकडे कलायला लागते. तेव्हा कूस बदलून मघा धरावी. तीही ४२ अंशांवरच, अडीच वाजता पूर्वेला पन्नासेक अंश उंच, उजेडाकडे आपली पाठ. २०२६ ला तर मघेजवळ गुरूच असणार आहे, शोधावी लागणार नाही. एकाच ताऱ्याला खिळून राहायचं नाही. नजर सैल ठेवायची, डोळ्यांच्या कडांना काम करू द्यायचं. अंधुक उजेड पकडायला कडाच अधिक तयार असतात.

आता मोजणी, जिथे हौशी गट सर्वांत जास्त गोंधळ घालतात. दहा जणांनी मिळून ‘आम्हाला ताशी दोनशे दिसल्या’ असं सांगितलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. प्रत्येकाने स्वतः पाहिलेलीच उल्का स्वतःच्या नावावर लिहायची. शेजारी ‘ती बघ!’ ओरडला आणि तुम्ही मान वळवेपर्यंत ती गेली, तर ती तुमची नाही. तो ओरडला म्हणून तुम्ही तिकडे पाहिलंत आणि दिसली, तरीही ती तुमची नाही. मोजणीच्या तासात गप्प राहणं सर्वांत चांगलं, पण पहिली मोठी उल्का गेल्यावर गप्प बसणारा मराठी माणूस अजून सापडायचा आहे.

नोंद लहान ठेवावी. आम्ही कागदावर ‘मि २’, ‘भ ३’ असं लिहितो: मि म्हणजे मिथुनची, भ म्हणजे भटकी, म्हणजे या वर्षावातली नसलेली, आकडा प्रतीचा. खाली न पाहता, एका बोटाने ओळ धरून लिहायचा सराव होतो. ते जमत नसेल तर पडद्यावर काळी पट्टी चिकटवलेल्या जुन्या फोनवर बोलून ठेवावं. दर पंधरा मिनिटांनी वेळ लिहायची. उठलात, चहा घेतलात, नकाशा पाहिलात, तर तेवढी मिनिटं वजा. लोक हे विसरतात आणि तासाचा दर आपोआप घसरतो.

मिथुनची की भटकी, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. रेघ मनातल्या मनात मागे वाढवावी, ती कॅस्टरजवळ जायला हवी. वेग मध्यम हवा. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलेली बहुधा मिथुनची नसते. आणि लांबी: उल्का जिथे सुरू झाली तिथून उगमबिंदूचं जे अंतर, त्याच्या निम्म्याहून रेघ लांब असेल तर संशय घ्यावा. त्याच दिवसांत वासुकी तारकासमूहाच्या डोक्याजवळून सिग्मा हायड्रिड उल्काही येतात. संख्येने थोड्या, पण सेकंदाला ५८ किलोमीटरच्या, म्हणजे चटकन ओळखू येणाऱ्या. विमानांचं सांगायलाच नको, मुंबईभोवती ती रात्रभर असतात. लुकलुकतात म्हणून फसवत नाहीत. उपग्रह सावकाश सरकतो. खरी फसगत करतात ती दमलेली बुबुळं. तीन वाजता डोळ्यांच्या कोपऱ्यात बारीक चमक भासते. नक्की नसेल तर लिहू नये.

प्रत ठरवायला शेजारचे तारे वापरायचे. व्याध उणे १.५, ब्रह्महृदय (कॅपेला) आणि मृगातला राजन्य (रायजेल) शून्याच्या जवळ, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१ आणि कॅस्टर १.६, ध्रुव २. मृगातलाच काक्षी (बीटलज्यूस) वापरू नये, त्याचं तेज स्वतःच कमी-जास्त होतं. नवखा माणूस उल्का नेहमी एका प्रतीने तेजस्वी लिहितो, कारण हलणारी गोष्ट डोळ्याला उजळ वाटते. शुक्राहून तेजस्वी, म्हणजे उणे ४ च्या पलीकडची, ती अग्निगोल. तिची वेळ सेकंदापर्यंत घ्यावी आणि कुठल्या ताऱ्याजवळून कुठल्या ताऱ्याजवळ गेली ते लगेच लिहावं. दहा मिनिटांनी आठवून लिहिलेलं उपयोगाचं नसतं.

मोजणीच्या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा उल्कांचा नसतो, तो आकाशाचा असतो. आपल्याला दिसणारा सर्वांत अंधुक तारा किती प्रतीचा, हे दर अर्ध्या तासाला तपासून लिहायलाच हवं. त्यासाठी कृत्तिका चांगल्या. सहा सुट्या मोजता आल्या तर ४.३ पर्यंतचं दिसतंय, सातवी निश्चित दिसली तर ५ च्या आसपास. पुष्यातल्या तारकागुच्छाचा धूसर डाग सहज दिसायला लागला की आकाश ५ च्या पुढे गेलं समजावं. शहरात मृगाचं डोकं बघावं: तिथला ३.४ प्रतीचा तारा थेट दिसला तर गच्ची बरी आहे.

हा आकडा रात्रभर एकच राहत नाही, आणि इथेच नदीकाठाचा मुद्दा येतो. वारा पडलेला, आकाश निरभ्र, जमीन उष्णता सोडून थंड होते, थंड हवा उतारावरून खाली ओघळत नदीच्या खोलगटात साठते आणि तिथे धुकं धरतं. उल्हास नदीच्या खोऱ्यात ते बहुधा तीननंतर येतं. त्याची चाहूल आधी क्षितिजाजवळचे तारे गेल्याने लागते. मग दिव्यांभोवती खळी दिसतात, मग कृत्तिका चार होतात. माळ नदीपासून पन्नास-शंभर मीटर उंच असेल तर धुकं पायथ्याशी राहतं आणि वर, झाकलेल्या दिव्यांमुळे, आकाश उलट जरा काळं होतं. खाली अडकलात तर मोजणी सोडून द्यावी. त्या तासाच्या आकड्याला दुरुस्ती लावून उपयोग होत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. तिकाटणं, २४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद भिंग, एफ २.८, आयएसओ १६००, १५ सेकंदांची उघडीप (एक्स्पोजर), आणि एकामागून एक, न थांबता. ताशी २४० फोटो होतात आणि रात्रभरात त्यांतल्या पंधरा-वीसांत उल्का सापडली तरी पुरे, कारण कॅमेऱ्याला तेजस्वी उल्काच लागतात. फोकस व्याधावर हाताने करून कडीला चिकटपट्टी लावावी, ऑटोफोकस बंद. भिंगावर दव बसतं आणि ते पडद्यावर कळत नाही, सकाळी घरी कळतं. भिंगाभोवती पायमोजा गुंडाळून आत हात गरम करायची पुडी ठेवली की काम भागतं. कॅमेरा लावून द्यावा आणि विसरावा. त्याच्याकडे दर पाच मिनिटांनी पाहणारा ना फोटो मिळवतो ना उल्का.

घरी आल्यावरचा हिशेब एका उदाहरणाने. समजा दोन ते तीन या तासात सहा मिनिटं चहाला गेली, म्हणजे ०.९ तास. ३८ मिथुन उल्का दिसल्या, आकाश ५.४ प्रतीचं, ढग नाही. ३८ ला ०.९ ने भागलं की ४२. आकाश आदर्शापेक्षा १.१ प्रतीने उजळ, म्हणून २.६ चा १.१ वा घात, २.८६, त्याने गुणायचं. उगमबिंदू ७६ अंशांवर, त्या कोनाची ज्या (साइन) ०.९७, तिने भागायचं. उत्तर १२५ च्या आसपास. ३८ चं वर्गमूळ सहाच्या वर, म्हणून २० इकडे किंवा तिकडे. आकाशाचा पाचवा हिस्सा ढगाने झाकला असता तर आणखी १.२५ ने गुणलं असतं. आता बघा, ५.४ ऐवजी ५.१ लिहिलं असतं तर उत्तर तेहतीस टक्क्यांनी फुगलं असतं. कृत्तिका मोजायचा कंटाळा केल्याची ही किंमत. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अशा नोंदी कुणालाही विनामूल्य भरता येतात.

राहिली गच्ची, कारण सगळ्यांना वांगणी जमणार नाही. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आदल्या दिवशीच घ्यावी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत अशा जागी पडावं की एकही दिवा थेट डोळ्यांत येणार नाही, आणि नजर डोक्यावरच ठेवावी. तिथे धुरकं सर्वांत पातळ असतं. एक ते चार हीच वेळ. आधीचे तास फुकट. मोजणी करून दर काढायच्या भानगडीत पडू नये: ३.५ प्रतीच्या आकाशात दुरुस्तीचा गुणक साडेसतरा होतो, म्हणजे एक उल्का चुकली की उत्तर सतरा-अठराने हलतं. गच्चीवरून मोलाची नोंद एकच, अग्निगोलाची. दादर आणि वांगणी यांत सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत अंतर आहे. नव्वद किलोमीटर उंचीवर जळणारा एकच गोल दोन्हींकडून पाहिला तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो पंचवीस-तीस अंशांनी सरकलेला दिसतो. दोन्ही टोकांच्या वेळा सेकंदापर्यंत जुळल्या आणि दोघांनीही जवळचा तारा नीट लिहिला असेल, तर कागद-पेन्सिलीवर त्याची उंची काढता येते.